न मिटणारी बाजू

१

"भावजी, माझी बाजू झोपत नाहीये."

तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वहिनींनी हे सांगितलं तेव्हा टेपकाकांना आधी वाटलं, त्यांची कूस दुखत असणार. तीन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून वहिनी त्या खिडकीतच बसून असत. इमारतीला लिफ्ट नव्हती. चौपन्न पायऱ्या उतरणं त्यांनी सोडून दिलं होतं, पण बोलणं सोडलं नव्हतं, आणि आवाज असा खणखणीत की रस्त्यापलीकडचा माणूसही मान वर करी.

"डॉक्टरांना बोलवू का?"

"मला काय धाड भरलीये? झाडाचं म्हणतेय मी. अंधारायला लागलं की पानं मिटतात ना त्याची? माझ्याकडची चार दिवस मिटतच नाहीयेत. टक्क जागी आहेत."

टेपकाकांनी वर पाहिलं. इमारत आणि रस्ता यांच्या मधोमध तो जुना शिरीष उभा होता. रोज संध्याकाळी त्याची बारीक पानं जोडीजोडीनं हात जोडल्यासारखी मिटत. आज रस्त्याच्या बाजूची शिस्तीत मिटली होती. इमारतीच्या बाजूची मात्र उघडी होती, आणि कडांना तांबूस पडली होती.

शहराच्या वृक्ष विभागात टेपकाकांनी चौतीस वर्षं झाडांचं रजिस्टर लिहिलं होतं. हे झाड म्हणजे क्रमांक एकेचाळीस. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी मोजमापाची टेप खिशातून गेली नव्हती, आणि त्या टेपेनं त्यांचं खरं नाव केव्हाच गिळून टाकलं होतं.

ते गुडघ्यावर बसले. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा ढीग होता. आपण उगाच घाबरतोय, असं स्वतःला बजावत त्यांनी तो हातानं बाजूला सारला. जमिनीपासून वीतभर उंचीवर, सालीवर, रुपयाएवढा काळा ठिपका होता. त्यांनी किल्लीनं तो खरवडला. आत भोक निघालं, बोटभर खोल, आणि त्यातून नाकाला झोंबणारा उग्र वास आला.

शेजारी आणखी एक ठिपका होता. त्याच्या शेजारी आणखी एक.

"काय झालंय हो त्याला?" वरून वहिनींनी विचारलं.

"काही नाही," टेपकाका म्हणाले. वहिनींशी ते पहिल्यांदाच खोटं बोलले.

२

अध्यक्ष दहा मिनिटांत खाली आले. हे वहिनींचे यजमान, निवृत्त मुख्याध्यापक आणि 'झाड वाचवा' समितीचे अध्यक्ष. समिती त्यांनीच काढली होती, इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं आणि बिल्डरच्या नकाशात झाडाच्या जागी फाटक दिसलं तेव्हा. टेपकाकांना त्यांनीच ओढून चिटणीस केलं होतं. समिती तर अलीकडची. त्याआधीची तीस वर्षं दोघं रोज सकाळी याच झाडाखालच्या बाकावर बसत आले होते. अध्यक्ष बोलत आणि टेपकाका ऐकत. ही वाटणी दोघांनाही मानवली होती.

अध्यक्षांनी भोकं पाहिली आणि ते मटकन बाकावर बसले.

"टेपराव, इतका नीच माणूस आपल्या गल्लीत आहे?"

"पोलिसात जाऊ या?"

"ते हसतील आपल्याला. तूच शोध. या झाडाला तुझ्याइतकं कोण ओळखतं?"

टेपकाकांना हे पटलं नाही. आपल्याला स्वतःचा चष्मा शोधायला अर्धा तास लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण परवा, शुक्रवारी, वृक्ष विभागात या झाडाबाबत सुनावणी होती. जिवंत झाडाला कायद्याचं संरक्षण होतं. मेलेलं झाड मात्र धोकादायक म्हणून एका अर्जावर तोडता येत होतं. शुक्रवारी कुणी नुसतं बोट दाखवून "हे वाळतंय" म्हणालं, की खेळ खलास. शिवाय कुठलं विष आहे ते कळलं नाही, तर उपाय तरी काय करणार?

त्यांनी टेप काढली. माणसांपुढे ते अडखळत. टेप हातात असली की कधीच नाही.

घेर दहा फूट. भोकं अकरा. प्रत्येक दोन भोकांमध्ये बरोबर नऊ इंच. पण रस्त्याच्या बाजूला अडीच फुटांत एकही भोक नव्हतं. साल दोन्हीकडं सारखीच दिसत होती.

"इथंच का सोडलं?" ते पुटपुटले.

"येणारे-जाणारे बघतील म्हणून," अध्यक्ष म्हणाले. "किंवा विष संपलं असेल. तू ना टेपराव, भोकं सोडून मोकळ्या जागा मोजत बसतोस."

टेपकाका ओशाळले. पण मोकळ्या जागेच्या दोन्ही कडांची भोकं रस्त्यावरून तितकीच स्पष्ट दिसत होती. ज्याला दिसण्याची भीती होती, त्यानं ती तरी का पाडली?

मग त्यांनी नखावर तो काळा लेप घेतला, बोटांत चोळला आणि नाकाशी नेला. छाटलेल्या फांदीची जखम बुजवायला वृक्ष विभाग स्वतःचा मलम बनवतो. तो बाजारात मिळत नाही. टेपकाकांनी चौतीस वर्षं तोच वास घेतला होता.

मारेकऱ्यानं विष घातलं होतं, आणि वर विभागाचं औषध लावलं होतं.

३

चष्म्याच्या दुकानदाराचं झाडाशी उघड वैर होतं.

"माझी पाटी फक्त कावळ्यांना वाचता येते," तो म्हणाला. "आणि कावळ्यांची नजर चांगली असते, काका. गिऱ्हाईक म्हणून काही कामाचे नाहीत."

"तुमच्या दुकानात गेल्या आठवड्यात काम चाललं होतं."

"दोन दिवस. सुताराचं ड्रिल मशीन सकाळपासून घरघरत होतं. अच्छा, म्हणजे तुमचा संशय माझ्यावर." त्यानं काच पुसायचं फडकं खाली ठेवलं. "काका, मला झाड तोडायचं असतं तर मी गल्लीभर सांगून तोडलं असतं. सांगतोच आहे दहा वर्षं."

"त्या आवाजात आणखी एक भोक कुणाला ऐकू आलं नसतं."

"ते खरं. पण मशीन म्हणाल तर दुपारी सुतार जेवायला गेला की अख्खी गल्ली उसनं न्यायची. सायकलवाला घेऊन गेला. दातांच्या डॉक्टरीणबाईंचा कंपाउंडर घेऊन गेला. तुमचे अध्यक्ष पडद्याची दांडी बसवायला घेऊन गेले. सुताराला मी म्हटलं, तू आता भाड्यानंच दे ते."

टेपकाकांनी तिन्ही नावं वहीत लिहिली आणि ती काही कामाची नाहीत असं वाटून पान उलटलं.

बिल्डरचा भाचा बांधकामाच्या कचेरीत नकाशांच्या भेंडोळ्यांआड बसला होता. त्यानं टेपकाकांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर डोळे मिचकावले.

"आजोबा, खोटं बोलायला मला काही हरकत नसते. पण इथं गरजच नाही. मामानं झाडापुढं हात टेकले. फाटक मागच्या बाजूला न्यायचं ठरलंय. नवा नकाशा काढायचा, नव्यानं मंजुरी घ्यायची, म्हणजे काम दोन वर्षं पुढं गेलं. झाड तिथंच राहणार. हे सगळं लिहून तुमच्या समितीला पत्र देऊन महिना झाला."

"मी समितीचा चिटणीस आहे. मला कुठलंही पत्र आलेलं नाही."

"मग तुमचा पोस्टमन बदला," भाचा हसत म्हणाला.

टेपकाका संतापून बाहेर पडले. इतकं सराईतपणे खोटं बोलणारा तरुण त्यांनी पाहिला नव्हता. पण चालता चालता त्यांना आठवलं, की मलमाचा डबा ना चष्मेवाल्याकडं असायचा, ना बिल्डरकडं. तो असायचा एकाच माणसाकडं. आणि त्या माणसाला झाडाची साल बघायला टेपकाकांनीच शिकवलं होतं.

४

वृक्ष अधिकारीण बाईंना सगळं शहर 'झाडबाई' म्हणे. वीस वर्षांपूर्वी ती उमेदवार म्हणून विभागात आली तेव्हा टेपकाकांच्या हाताखाली होती. आता तिच्या टेबलावर, शुक्रवारच्या फायलींशेजारी, टेपकाकांच्या अक्षरातलं जुनं रजिस्टर पडलेलं होतं.

"हे बाहेर कधी काढलंस?" नमस्कारही न करता त्यांनी विचारलं.

"दहा दिवस झाले. का, सर?"

दहा दिवसांपूर्वी रजिस्टर बाहेर आलं. त्यानंतर भोकं पडली. मलमही विभागाचा. टेपकाकांनी घसा खाकरून, जमिनीकडं बघत, एकेक करून सगळं सांगितलं. त्यांचं बोलणं संपलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे तुम्ही मला विचारायला आला नाहीत. पकडायला आलात."

"तसं नाही, पोरी."

"तसंच आहे. मलमाचं म्हणाल तर गेल्या वर्षी ट्रकनं साल खरवडली तेव्हा एक डबा मी तुमच्या हातात दिला होता. तो कुठं आहे?"

टेपकाकांनी आठवून पाहिलं. डबा त्यांनी समितीच्या सामानात ठेवला होता. समितीचं सामान अध्यक्षांच्या जिन्याखालच्या कपाटात असे. कपाटाला कुलूप नव्हतं. निदान त्या क्षणी त्यांनी स्वतःची तशी समजूत घातली.

झाडबाईनं रजिस्टर त्यांच्याकडं सरकवलं. "आता मी एक विचारू? हे तुमचंच अक्षर. 'क्रमांक एकेचाळीस. इमारतीच्या बाजूस बुंध्यात पोकळी. सिमेंटने भरली.' वरून साल धरली, आता काहीच दिसत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"सिमेंटमध्ये लाकडाचं ड्रिल घुसत नाही, पातं मोडतं. विषही शोषलं जात नाही. मी हे रजिस्टर वाचलंय. विष मी घातलं असतं तर इमारतीची बाजू सोडली असती. पण तुम्ही म्हणता, त्या बाजूला तर ओळीनं भोकं आहेत, बोटबोट खोल. सिमेंटमध्ये ती गेली कशी, सर?"

टेपकाकांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

या प्रश्नाचं उत्तर त्यांना एकतीस वर्षं ठाऊक होतं. आणि त्यांच्याखेरीज जगात आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं.

५

एकतीस वर्षांपूर्वी एका दिवशी दोन झाडांच्या पोकळ्या भरल्या होत्या, एकेचाळीसची आणि बेचाळीसची. संध्याकाळी नोंदी लिहिताना टेपकाकांच्या हातून दोन्हींच्या बाजू उलटसुलट झाल्या. एकेचाळीसचं सिमेंट होतं रस्त्याच्या बाजूला, लिहिलं गेलं इमारतीच्या. चूक लक्षात आली तोवर वरिष्ठांच्या सह्या झाल्या होत्या. दुरुस्ती करायची म्हणजे कारण लिहायचं, सगळ्या कचेरीपुढं मान खाली घालायची. त्यांना ते जमलं नाही. पुढं बेचाळीस नंबर वादळात पडला, सिमेंट भरणारा गवंडी वारला, आणि चूक त्यांच्या एकट्याच्या छातीवर उरली.

वहिनींचे गुडघे गेले त्या दिवसांत एका सकाळी अध्यक्ष बाकावर बसून रडले होते. त्या रडण्याला सोबत म्हणून, आपणही काहीतरी उघडं करावं म्हणून, टेपकाकांनी ही गोष्ट सांगितली. झाडापाशी नेऊन रस्त्याच्या बाजूच्या सालीवर किल्ली वाजवून दाखवली. "हे बघ, इथं आवाज बद्द येतो. इथून इथपर्यंत, अडीच फूट. कुणाला सांगू नकोस रे."

गुरुवारी दुपारी अध्यक्ष बाकावर येऊन बसले. "काय टेपराव, सापडला का चोर?"

"तुमच्या घरात पडदे नाहीत," टेपकाका म्हणाले.

"काय?"

"वहिनी खिडकीला पडदा लावू देत नाहीत. झाड दिसत नाही म्हणतात. मग दांडी कसली बसवलीस?"

अध्यक्ष हसू लागले, पण हसणं मध्येच थांबलं. टेपकाका त्यांच्याकडं न बघता, वहीतलं पान वाचावं तसं, बोलत राहिले. "मशीन तू नेलंस. मलम तुझ्या जिन्याखाली होता. बिल्डरचं पत्र तुझ्याकडं आलं आणि तू ते मला दाखवलं नाहीस. हे सगळं असूनही मी तुझ्यावर संशय घेतला नसता. उलट तुझ्या वतीनं कारणं शोधली असती. पण ज्यानं भोकं पाडली, त्यानं बरोबर सिमेंटची जागा सोडली. रजिस्टर वाचणारा चुकीची बाजू सोडेल. काहीच माहीत नसलेला कुठलीच सोडणार नाही. खरी बाजू मी एकालाच दाखवली होती."

वरून एक तांबूस पान गिरक्या घेत अध्यक्षांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते झटकलं नाही.

"दोन वर्षं," शेवटी ते म्हणाले. "पत्रात लिहिलं होतं, काम दोन वर्षं पुढं जाईल. झाड गेलं की जुनाच नकाशा लागू. दिवाणखान्याएवढी लिफ्ट आहे त्यात. तिला खुर्चीसकट खाली आणता येईल. डॉक्टर काय म्हणतात ते मी तुला सांगितलेलं नाही. तिच्याकडं दोन वर्षं आहेत की नाहीत, कोण सांगणार? मी तिला एकदा, फक्त एकदा, रस्त्यावर फिरवणार होतो."

"मला सांगायचंस."

"तू काय केलं असतंस?"

या प्रश्नाचाच टेपकाकांना राग आला. आयुष्यात क्वचितच आला होता, म्हणून तो कसा बाहेर काढायचा हेही त्यांना कळेना.

"मला शोधायला लावलंस," ते म्हणाले. "मला जमणार नाही म्हणूनच ना?"

अध्यक्षांनी मान खाली घातली.

"मी तुला एक गोष्ट सांगितली होती. कुणाला सांगू नकोस म्हणालो होतो. तू खरंच कुणाला सांगितली नाहीस. वापरलीस."

अध्यक्ष उठून जिन्याखाली गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली घेऊन आले. निम्मी भरलेली होती. ती बाकावर दोघांच्या मधोमध ठेवून ते म्हणाले, "हे घे. उपचाराला लागेल. पण टेपराव, तिला सांगू नकोस."

"मी नाही सांगणार. उद्या सुनावणीत मी फक्त माझी चूक वाचून दाखवणार आहे. पुढचं कुणालाही जुळवता येईल. गल्लीतून कुणीतरी वरती हाक मारून सांगेल. तुझ्याकडं आजची संध्याकाळ आहे."

६

झाडबाईनं बाटलीवरचं नाव वाचलं आणि ताबडतोब माणसं धाडली. भोकं उघडून पाण्यानं धुवायची, कोळशाची पूड भरायची, बुंध्याभोवतीची माती बदलायची.

"वाचेल?" टेपकाकांनी विचारलं.

"इमारतीच्या बाजूच्या फांद्या जातील. रस्त्याच्या बाजूला विष पोचलेलंच नाही. ती बाजू झाडाला धरून ठेवेल बहुतेक."

मग तिनं रजिस्टर उघडून पुढं ठेवलं आणि लाल शाईचं पेन दिलं. टेपकाकांनी 'इमारतीच्या' या शब्दावर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, 'रस्त्याच्या'. समासात आजची तारीख घातली. कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला. ज्या रकान्यासाठी एकतीस वर्षं धीर झाला नव्हता, तिथं त्यांनी तीनच शब्द लिहिले: 'माझी चूक. लपवली.' आणि सही केली.

"सर, साक्षीदार म्हणून मी सही करू?"

"कर. आणि पोरी, सकाळी मी तुझ्यावर..."

"ते राहू द्या," ती सही करत म्हणाली. तिनं मान वर केली नाही. ते इतक्यात राहणार नाही, हे दोघांनाही कळलं.

संध्याकाळी ते झाडाखाली आले. माणसं कामं आटोपून गेली होती, बुंध्याभोवती ओली माती होती. बाक रिकामा होता. टेपकाका त्याच्या आपल्या नेहमीच्या टोकाला बसले.

वर खिडकी उघडी होती. वहिनी तिथं होत्या, पण खाली बघत नव्हत्या. त्यांचं तोंड खोलीकडं होतं. आत कुणीतरी हलक्या आवाजात, मध्ये मध्ये थांबत, बोलत होतं. शब्द ऐकू येत नव्हते. टेपकाकांनी ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही. वहिनींचा तो खणखणीत आवाज मात्र एकदाही उठला नाही.

उजेड कमी झाला. रस्त्याच्या बाजूची पानं एकेक जोडी करून मिटू लागली. इमारतीच्या बाजूची तशीच उघडी राहिली.

मग वहिनी वळल्या. त्यांनी आपल्या बाजूच्या फांद्यांकडं बराच वेळ पाहिलं. हात लांब करून, आधी एक आणि मग दुसरं, अशी खिडकीची दोन्ही दारं ओढून घेतली.

तीन वर्षांत ती खिडकी बंद झालेली टेपकाकांनी कधी पाहिली नव्हती.